चांद्याचा खड्डा

दहावीच्या पेपरवर सुपरव्हिजन करणाऱ्या बाईला तीन तास डोक्यानं काहीच काम नसतं. सुरुवातीला सह्या, बारकोडची चिकटपट्टी, हॉलतिकिटावरचा फोटो आणि समोरचं तोंड यांची जुळवाजुळव. एवढं झालं की नुसत्या येरझारा. मी नागपुरात हुडकेश्वरच्या एका शाळेत मराठी शिकवते, म्हणून मला गणिताच्या पेपराला उभं करतात. खिडकीबाहेर कडुनिंबाची पानं गळत असतात, पंखा कुरकुरत असतो, पोरं माना खाली घालून आकडेमोड करत असतात आणि माझं मन सरळ उठून कन्हान नदीच्या रेतीत जाऊन बसतं. दर वर्षी. फेब्रुवारी संपता संपता उन्हाला एक कोरडा, भाजल्या तुरीसारखा वास येतो. तो आला की मला माझी दहावी आठवते, आणि दहावी आठवली की गिधाडं आठवतात. लोकांना दहावी म्हटलं की मार्क आठवतात. माझं हे असं आहे.

यंदा ते जरा जास्तच होतंय. पुढच्या सोमवारी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, धंतोलीच्या एका दवाखान्यात. बाबा शहात्तर वर्षांचे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही नाही, आजकाल रोज होतात. पण या वयात भूल द्यायची म्हटलं की मनात नको ते येतंच. आणि मला बाबांना एक गोष्ट सांगायची आहे. दहावीतली आहे. इतकी वर्षं ती मी गिळून बसले, आता भूल देण्याआधी सांगायचीच असं ठरवलं आहे. ठरवून आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी बाबांना बाकी सगळं सांगितलं, भाजीचे भाव धरून.

आमचं गाव खापा या मोठ्या गावापासून सायकलीनं अर्ध्या तासावर, नदीच्या काठाला. बाबा तिथं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होते. कागदावर त्यांच्या पदाचं नाव व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. गाव मात्र त्यांना डॉक्टरच म्हणायचं, कारण खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि बैल काही वार पाहून आजारी पडत नाहीत. बाबांच्या सायकलीच्या हँडलला कायम एक रेक्झिनची पिशवी, तिच्यात कापूस, टिंक्चर आणि उकळून घेतलेली जाड सुईची पिचकारी. त्यांच्या शर्टाला नेहमी डेटॉल आणि शेणाचा मिळून एक वास यायचा. अजूनही कुठे गोठा दिसला की मला तो वास आल्यासारखा होतो आणि बरं वाटतं.

गावाच्या खालच्या अंगाला नाला ओलांडला की एक पडीक तुकडा होता. मेलेली जनावरं तिथं नेऊन टाकायचे. त्याच्या पलीकडे नदी, आणि नदीच्या कडेनं अर्जुनाची उंच, गोऱ्या खोडाची झाडं. त्या झाडांवर गिधाडांची वस्ती. सकाळी ऊन चढेपर्यंत ती पंख पसरून बसायची, थंडी संपल्यावर बायका गोधड्या उन्हात घालतात तशी. खालची पानं त्यांच्या विष्ठेनं पांढरी पडलेली. वास यायचा, खोटं कशाला सांगू. आईला त्यांची किळस. "मढे खानारे पाखरं पाहून अभ्यास होते काय वं तुहा?" असं ती रोज म्हणायची, आणि मी रोज पुस्तक काखेत मारून तिकडेच जायची. घरात पाहुणे, टीव्ही आणि आईची बडबड. नदीवर कोणी नाही. अभ्यास गिधाडांपाशीच बरा होतो हे माझं तेव्हाचं संशोधन.

आमच्या स्टाफरूममध्ये कोणी अमके-तमके गिधाडासारखे तुटून पडले असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आजवर चारदा तरी भांडले असेन. अहो, तुम्ही कधी गिधाडं जेवताना पाहिलीत का? मी पाहिलीत. आधी वर एक ठिपका गोल गोल फिरतो. मग त्याला पाहून दुसरा, दुसऱ्याला पाहून तिसरा, आणि मग आभाळातून खाली शिडी लावल्यासारखी ती एकामागून एक उतरतात. भांडतात, हो, भांडतात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा संपत आला की आपली माणसं जेवढी भांडतात तेवढीच. पण जिवंत जनावराला शिवत नाहीत, कोणाचं हिसकावत नाहीत. सकाळी टाकलेला बैल दुपारी जाऊन पाहावा तर नुसती हाडं, आणि तीही धुतल्यासारखी स्वच्छ. ना माशा, ना घाण, ना नदीच्या पाण्यात काही ओघळलेलं. गावाची एवढी मोठी झाडलोट कोणी न सांगता, कोणाकडून काही न घेता होत होती, आणि आपण त्यांचं नाव शिवी म्हणून वापरतो. चीड येते मला.

त्या वर्षी एक जोडी अगदी नदीच्या वळणावरच्या झाडाला होती. दिवाळीनंतर त्यांनी घरटं केलं. वाळक्या काटक्यांचं सूप आणि आत हिरवी पानं. गिधाडं एकच अंडं घालतात, वर्षातून एकदा. दोघंही पाळीपाळीनं बसतात. संक्रांतीच्या आधी एके दिवशी घरट्याच्या कडेवरून राखाडी लोकरीचा एक गोळा डोकावला. मान धड वर राहत नव्हती त्याची. मी भूमितीचं पुस्तक मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत बसले, ती संध्याकाळ होईपर्यंत. नंतर बाबा मला शोधत आले. मी त्यांना बोट करून दाखवलं. ते सायकल रेतीत आडवी टाकून माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "बेबी, होळीच्या मागंपुढं उडन पाहाय हे. तुही परीक्षा अन् याची परीक्षा एकाच वक्ताले आहे." आज माझा मुलगा कॉलेजात आहे, केसांना मेंदी लावते मी, आणि बाबांसाठी अजून बेबीच आहे.

पण त्या वर्षी काहीतरी बिघडत होतं. दिवाळीपासून वरचे ठिपके कमी होत चालले होते. एखादं गिधाड मान खाली सोडून फांदीवर बसलेलं दिसायचं, झोपेनं पेंगुळल्यासारखं, आणि दोन-तीन दिवसांनी झाडाखाली पडलेलं सापडायचं. रोग आला असं सगळे म्हणायचे. कोंबड्यांना येतो, ढोरांना येतो, तसा यांनाही आला. बाबाही तेच म्हणायचे. मला त्या पिलाची काळजी लागली. त्याच्या आईबापांना खायला कमी पडत असेल, म्हणून अशक्त होऊन रोग होत असेल, असा माझा सोळा वर्षांचा हिशोब.

देवाजीभाऊंचं शेत आमच्या घरामागं. त्यांच्याकडे चांद्या नावाचा बैल होता, तांबडा, कपाळावर पांढरी चंद्रकोर. बारा पोळ्यांना तो तोरणाखाली उभा राहिला होता. त्या माघात त्याचे सांधे सुजले आणि तो बसला तो उठेना. देवाजीभाऊंनी त्याला विकायचं नाव काढलं नाही. त्याच्या अंगाखाली तुरीच्या भुशाचं कुटार अंथरलं, वर गोणपाटाची सावली केली आणि ते त्याच्याजवळ बसून राहिले. बाबा सकाळ-संध्याकाळ जायचे. मी एकदा बरोबर गेले होते. देवाजीभाऊ म्हणाले, "डाक्टर, वाचत नाही हे मले समजते गा. पण याले दुखू देऊ नका." बाबांनी पिशवीतून ती नवीन आलेली बाटली काढली. दुखण्यावरचं इंजेक्शन, मोठ्या बाटलीत, स्वस्त आणि जादूसारखं. पंधरा-वीस मिनिटांत चांद्यानं कण्हणं थांबवलं आणि देवाजीभाऊंच्या हातातलं गवत खाल्लं. मला बाबांचा इतका अभिमान वाटला होता.

ही बाबांची रीतच होती. जे जनावर जगणार नाही हे त्यांना दिसायचं, त्याला ते शेवटचे दोन-चार दिवस हे इंजेक्शन द्यायचे. वरिष्ठांनी सांगितलेलं नव्हतं, कोणी मागितलेलंही नव्हतं. "जन्मभर वाह्यलं त्यानं. जाताना तरी त्याले दुखाले नाही पाहिजे," एवढंच म्हणायचे. आसपासच्या सगळ्या गावांत म्हणूनच त्यांना मान होता. डॉक्टर पुष्कळ असतात, मरणाऱ्या बैलाशेजारी बसणारा एखादाच.

चांद्या पाचव्या दिवशी पहाटे गेला. देवाजीभाऊंनी आदल्या दिवशीच बांधावरच्या बाभळीजवळ खड्डा खणून घेतला होता. पुरुषभर खोल. मिठाची दोन पोती आणून ठेवली होती. जिवाभावाचा बैल असला की आमच्याकडे असाच मीठ घालून शेतात पुरतात, नाल्यापलीकडे टाकत नाहीत. बाबा त्या दिवशी दुसऱ्या गावी लसीकरणाला गेलेले. आणि मी, तुमची ही शहाणी बेबी, दप्तर पाठीवर घेऊन देवाजीभाऊंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "देवाजीभाऊ, चांद्याले पुरू नका ना. मातीत किडेच खातीन. नदीवर ठेवा. गिधाडाचं पिल्लू आहे तिथं, त्याचे मायबाप खातीन, त्याले चारतीन. चांद्या मातीत काहून जाईन? आकाशात जाऊ द्या त्याले."

निबंधात मला नेहमी चांगले मार्क मिळायचे. देवाजीभाऊंनी डोक्याचा दुपट्टा सोडला, त्यानं डोळे पुसले आणि खड्ड्याकडे पाहिलं. मग गाडी जुंपायला सांगितली.

हीच ती गोष्ट, जी मी बाबांना सांगितलेली नाही.

चांद्याला अर्जुनाच्या झाडाखाली, रेतीच्या कडेला ठेवलं. देवाजीभाऊंनी त्याचं कातडं काढू दिलं नाही. दुपारनंतर गिधाडं उतरली. वळणावरच्या जोडीतलं आधी एक आलं, मग दुसरं. मी झुडपाआडून पाहत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी घरी येऊन आईला न सांगता सगळी भांडी घासली. संध्याकाळी ती दोघं घरट्यात परतली, गळा फुगवून, आणि पिलानं त्यांच्या चोचीत चोच घातली.

तिसऱ्या दिवशी त्या जोडीतलं मोठं गिधाड फांदीवर मान खाली टाकून बसलं. चौथ्या दिवशी ते रेतीत होतं. पाचव्या दिवशी दुसरं. माझा मराठीचा पेपर त्याच दिवशी. खाप्याच्या शाळेत मी ऋतूंवर निबंध लिहिला आणि परत येताना सायकल घराकडे न नेता नदीवर नेली. पिल्लू घरट्याच्या कडेवर उभं होतं आणि आवाज न करता चोच उघडत होतं, मिटत होतं. ते मला आजही वर्गात फिरताना दिसतं.

देवाजीभाऊ आंबे उतरवण्यात पटाईत. बाबांनी विनवल्यावर ते त्या वयात झाडावर चढले आणि पिलाला पोत्यात घालून खाली आणलं. बाबांनी त्याला दवाखान्यामागच्या खोलीत कडब्यावर ठेवलं. बाबा स्वतः अंडंही न खाणारे, पण खाटकाकडे जाऊन मांसाचे तुकडे आणायचे आणि चिमट्यानं एकेक त्याच्या चोचीत द्यायचे. मी रोज पेपर देऊन आले की आधी तिकडे. पिल्लू मान वाकडी करून माझ्याकडे पाहायचं. अंगावर लोकर आणि लोकरीतून फुटलेली काळी पिसं, शाळेच्या गॅदरिंगला कोणीतरी अर्धवट तयारी करून स्टेजवर ढकलावं तसं दिसायचं. गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी खोली रिकामी होती. बाबा म्हणाले, "जंगलवाले घेऊन गेले नागपूरले. तिथं मोठे डाक्टर आहेत." मी निश्चिंत होऊन गणित सोडवलं. शेवटचा पेपर झाल्यावर त्यांनी मला बांधावर नेलं. चांद्यासाठी खणलेला खड्डा बुजलेला होता. आत आई, बाप आणि पिल्लू, तिघंही, आणि देवाजीभाऊंनी त्यांच्यावर चांद्यासाठी आणलेलं सगळं मीठ घातलं होतं. "पेपर चालू होते तुहे," बाबा एवढंच म्हणाले. मी त्यांच्या शर्टात तोंड खुपसून रडले. पण तेव्हाही मला वाटत होतं की हे रोगानं झालं.

त्यानंतर अर्जुनाची झाडं रिकामी झाली. पाऊस दोन वर्षांत पानं धुऊन गेला आणि ती पुन्हा हिरवी दिसू लागली. जनावरं मात्र मरतच होती. नाल्यापलीकडे ती कुजायला लागली, आठ-आठ दिवस. वास गावापर्यंत यायचा, बायका नदीचं पाणी भरेनाशा झाल्या. मग कुत्री आली. आधी चार, मग पन्नास, मांसाला चटावलेली, अंगावर येणारी. वासरांना चावायची, एकदा अंगणवाडीतल्या लेकराला चावली. बाबांचा अर्धा दिवस कुत्रं चावलेल्या जनावरांना इंजेक्शनं देण्यात जायचा. इतकं मोठं काम कोण करत होतं, हे करणारा गेल्यावरच गावाच्या ध्यानात आलं.

खरं कारण कळायला आठ-नऊ वर्षं गेली. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, बाळ बारा दिवसांचं होतं, नुकतंच बारसं झालेलं. बाबा दवाखान्यातून भर दुपारीच घरी आले. हातपाय धुतले. परत धुतले. मग ओसरीवर लांब बसून राहिले. रोज आल्याबरोबर बाळाला घ्यायला हात पुढे करणारा माणूस, त्या दिवशी जवळ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आईला विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं असेल. तब्बल दोन आठवडे त्यांनी बाळाला हात लावला नाही.

दवाखान्यात परिपत्रक आलं होतं. दुखण्यावरचं ते इंजेक्शन, डायक्लोफेनॅक, जनावरांना देणं बंद करावं. औषध दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. एवढाच मजकूर. मला बाबांनी ते दोन-तीन महिन्यांनी सांगितलं, मी सासरी निघायच्या आधी. बांधावर उभं राहून, खाली पाहत. "इंजेक्शन म्या देल्लं होतं, बेबी. अन् नदीवर टाकाले बी देवाजीले मीच सांगतलं."  मनात म्हटलं, बाबा विसरले, त्यांचा घोळ होतोय. त्या दिवशी तर ते गावातच नव्हते. सांगायला हवं होतं. पण खरं सांगू का, त्यांचा घोळ माझ्या सोयीचा होता. मग पुढं तो तसाच राहू दिला.

तेव्हापासून बाबा ही गोष्ट सांगत हिंडताहेत. आई गेल्यावर मी त्यांना हुडकेश्वरला आणलं. आमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या, पुढं अजून चार-पाच गोठे आहेत. घरं वाढत जातात आणि गोठे मागं सरकतात, पण आहेत. बाबांनी सगळे गोठेवाले ओळखीचे करून घेतले. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे ते कात्रीनं चौकोन कापतात आणि मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहितात, मेलॉक्सिकॅम. हे तसंच दुखणं थांबवतं आणि यानं गिधाडं मरत नाहीत, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. चिठ्ठी देताना सांगतात, माणसांचं औषध मेडिकलमधून आणून ढोराला टोचू नका, हे मागा. आणि मग चांद्याची गोष्ट. शेवटी दर वेळी तीच दोन वाक्यं, इंजेक्शन म्या देल्लं, टाकाले बी मीच सांगतलं. घरी कोणी आलं आणि गोष्ट तिथवर पोचली की मी चहा टाकायला उठते. आमच्याकडे आलेल्यांना चहा फार मिळतो.

धंतोलीच्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नाही. गुडघ्यासाठी गोळ्या लिहून दिल्या तर बाबांनी चष्मा लावून नाव वाचलं, डायक्लोफेनॅक, आणि कागद परत केला. डॉक्टर हसले. "बाबाजी, माणसाला चालतं हे. तुम्हाला काय गिधाड खाणार आहे?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "खाल्लं तं सोनं होईन, साहेब. पण खाऊन ते मराले नाही पाहिजे." डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलं. त्या साध्या गोळीवर बाबांनी दोन वर्षं ते गुडघे ओढले, कण्हत. म्हणून तर आता ऑपरेशनची वेळ आली. लिफ्टमध्ये मी त्यांच्यावर ओरडले. मग खाली येऊन त्यांना संत्र्याचा रस पाजला.

पेंचच्या जंगलात आता जाळीच्या मोठ्या घरात ठेवून गिधाडं सोडतात. हरयाणातून आणलेली, माणसांनी वाढवलेली, पाठीवर छोटं यंत्र बांधलेली. बाबा त्याच्या बातम्या कापून ठेवतात. एखादं मेल्याची बातमी आली की त्या दिवशी एक पोळी कमी खातात. "वरतून सोडून काय फायदा," म्हणतात, "खाली ताटात वीख असन तं?" चिठ्ठ्या कापायचा वेग मग वाढतो.

मग तो शनिवार आला. दुपारी आम्ही दोघं पलंगावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. मधे परात. सोमवार परवावर आला होता. मी परातीकडे पाहत म्हटलं, "बाबा, चांद्याला नदीवर टाकायला तुम्ही नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं. देवाजीभाऊ पुरणारच होते."

बाबांचे हात थांबले नाहीत. दोन शेंगा त्यांनी पुऱ्या सोलल्या.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "त्याच सांजेले देवाजीनं सांगतलं. म्हणे, तुमची पोरगी म्हणते आकाशात जाऊ द्या. लई आवडलं होतं त्याले ते."

मी हातातली शेंग परातीत टाकली. "मग इतकी वर्षं मीच सांगितलं, मीच सांगितलं, असं काहून म्हणत राहिले तुम्ही?"

"तो कागद आला तवा तू बाळंतीण होतीस. बारा दिवसाचं लेकरू मांडीवर. वाटलं, बेबीले हे समजलं तं दूध आटन तिचं. सव्वा महिना होऊ दे, मंग सांगू. सव्वा महिना झाला, मंग वाटलं, तिले आठवतच नसन, काहून सांगा. म्हणून म्या माह्याच नावानं सांगतलं." त्यांनी एक कीड लागलेली शेंग बाजूला टाकली. "अन् मंग दिसलं का मी तिथवर आलो का तू चहाले उठतं. तवा समजलं का तुले आठवते. पण आता कसं बोलाव वं? रोज वाटे, आज बेबीच सवताहून सांगन."

मी परात बाजूला केली आणि त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांना दुखलं असेल, पण ते हलले नाहीत. त्यांचा हात माझ्या केसांवरून फिरत होता, तुरीचा हिरवा वास असलेला. इतकी वर्षं दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. रडून झाल्यावर आम्ही राहिलेल्या शेंगा सोलल्या, आणि रात्री त्याच दाण्यांचं आळण, आमच्याकडचं पातळ कालवण, केलं, वर भरपूर सांबार म्हणजे कोथिंबीर घालून.

रविवारी सकाळी शंकरभाऊ आले, पुढच्या गोठ्याचे. त्यांची गाय दोन दिवस बसलेली, कासेला सूज, चारा तोंडाला लावत नव्हती. सरकारी डॉक्टर सोमवारी येणार. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, माणसांची सुई मिळते, एकदम जोराची. ती आणू का, एवढंच विचारायला ते आले होते. बाबा म्हणाले, चला, पाहू. उद्या ऑपरेशन आणि आज काठी टेकत गोठ्यात निघालेले बाबा. मी एक हात धरला. एरवी भांडले असते.

गाय म्हातारी होती. बाबांनी शंकरभाऊंनी दिलेल्या स्टुलावर बसून तिचे कान चाचपले, डोळ्यांत पाहिलं, पाठीवर हात ठेवला. मग खिशातून चौकोन काढला आणि शंकरभाऊंच्या हातात दिला. डॉक्टरांना आत्ताच फोन करा आणि हे औषध द्यायला सांगा, म्हणाले. शंकरभाऊंनी विचारलं, ते दुसरं काहून नाही चालत. बाबांनी चांद्याची गोष्ट सुरू केली. सुजलेले सांधे, कुटार, गोणपाटाची सावली, देवाजीभाऊ. गाय कान हलवत ऐकत होती.

"इंजेक्शन म्या देल्लं," बाबा म्हणाले, आणि थांबले.

चहा टाकायला तिथं चूल नव्हती. शंकरभाऊ वाट पाहत होते. बाबा गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आणि पुरू नका, नदीवर टाका, असं मी सांगितलं," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण जरा बारीक आला.

शंकरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "पण मागच्या खेपेले तं तुम्ही म्हणले होते का..."

"नाही," बाबा म्हणाले. "ते हिचं आहे. आता माह्याच्यानं दोघाइचं उचलनं होत नाही."